ख्रिस्ताचे पंधरावे वर्ष

बाळकृष्णाचे सारे बालपण आपल्याला पाठ आहे. त्याने लोणी कुणाच्या घरचे चोरले, यशोदेने त्याला उखळाला कसे बांधले, कालियाच्या फणेवर तो कसा नाचला, गाई राखताना सवंगड्यांबरोबर त्याने काला कसा केला, हे सांगायला कीर्तनकार लागत नाही. घरातली आजीसुद्धा सांगते. देवाच्या पोरवयाचा असा भरगच्च हिशेब ज्या समाजात पिढ्यान्‌पिढ्या चालत आला, त्या समाजात वाढणाऱ्या ख्रिस्ती मुलाने शुभवर्तमान उघडावे आणि आपल्या वयाचा ख्रिस्त त्यात शोधावा, म्हणजे त्याची मोठी निराशा होते. चार शुभवर्तमानांपैकी दोघांत जन्मकथाच नाही. ज्या दोघांत आहे, त्यांपैकी एकट्या लूकने मुलगा बारा वर्षांचा असतानाची एक हकीकत दिली आहे. त्यानंतर एकदम तिशीचा पुरुष यार्देन नदीच्या काठी येऊन उभा राहतो. मधली अठरा वर्षे कोरी आहेत.

ती एक हकीकत मात्र मोठी जिवंत आहे. वल्हांडण सणासाठी नासरेथचे लोक यरुशलेमला गेले होते. परत निघताना मुलगा मागेच राहिला, आणि आई-बापांना वाटले की तो सोबतच्या माणसांत असेल. यात्रेला गेलेल्या कुणालाही हे पटेल. पंढरीच्या गर्दीत असे दर वर्षी घडते. एक दिवसाची वाट चालून गेल्यावर चुकामूक ध्यानात आली. तिसऱ्या दिवशी तो मंदिरात सापडला. शास्त्री-पंडितांच्या मध्ये बसून ऐकत होता, त्यांना प्रश्न विचारीत होता. आई रागावली. त्यावर त्याने उलट विचारले की, मी माझ्या पित्याच्या घरी असणार हे तुमच्या लक्षात कसे आले नाही? मरीया आणि योसेफ ह्यांना ह्या बोलण्याचा अर्थ लागला नाही, असे लूक प्रांजळपणे नमूद करतो. आणि पुढे? पुढे तो मुलगा त्यांच्याबरोबर मुकाट्याने नासरेथला परतला आणि त्यांच्या आज्ञेत राहिला. इतकेच.

प्रवचनांतून मंदिरातल्या प्रसंगाचे मोठे कौतुक होते. हे शेवटचे वाक्य मात्र घाईने उरकले जाते. मी अलीकडे त्या वाक्यापाशीच अडून बसलो आहे. ज्याला आपले खरे घर कुठे आहे हे बाराव्या वर्षी कळले, तो सुताराच्या घरी परत का गेला?

मी ज्या गावात राहतो त्या गावात हा प्रश्न पडणे साहजिक आहे. कुंभार पिंपळगाव हे जालना जिल्ह्यातल्या घनसावंगी तालुक्यातले बाजाराचे गाव. दक्षिणेला गोदावरी, भोवती कापूस, ऊस आणि मोसंबीच्या बागा. आणि जवळच जांब; समर्थ रामदासांचे जन्मगाव, म्हणून आता जांब समर्थ. तिथे 1608 साली रामनवमीला सूर्याजीपंत ठोसरांच्या घरी नारायण जन्मला. बाराव्या वर्षी बोहल्यावर उभा असताना ब्राह्मणांच्या तोंडून ‘सावधान’ ऐकताच तो उठला आणि निघून गेला, ही कथा महाराष्ट्रात ठाऊक नाही असे घर नसेल. पुढे नाशिकजवळ टाकळीला बारा वर्षे तप, नंतर बारा वर्षे तीर्थाटन. चोवीस वर्षांनी तो आईच्या दारी आला, तेव्हा वाट पाहून पाहून राणूबाईंची दृष्टी गेलेली होती, अशी परंपरा आहे.

समर्थांच्या थोरवीविषयी मला काही बोलायचे नाही. माझी ती योग्यता नव्हे. पण जांबेच्या वाटेने जाताना मला नेहमी त्या घरातल्या दुसऱ्या मुलाची आठवण होते. थोरले बंधू गंगाधरपंत, संप्रदायात ज्यांना ‘श्रेष्ठ’ म्हणतात. ते घरीच राहिले. त्यांनी संसार केला, म्हाताऱ्या आईला सांभाळले, रामाची उपासना केली आणि ग्रंथही लिहिले. धाकट्याला जगाने समर्थ म्हटले आणि थोरल्याला श्रेष्ठ. ही नावे ज्या कुणी ठेवली, त्याला पुष्कळ कळत होते असे मला वाटते.

मी ख्रिस्ती घरातला. आमच्या भागात ख्रिस्ती घरे थोडी. कुणाच्या तरी ओसरीवर किंवा पत्र्याच्या खोलीत रविवारची उपासना होते. मी आयुष्यभर शाळेत शिकवले, त्यामुळे अजूनही पोरे काहीबाही विचारायला येतात. नववीतला एक मुलगा गेल्या वर्षी असाच आला. तो मोबाईलवर कुठल्या कुठल्या प्रचारकांची भाषणे ऐकतो. हुशार आहे, आणि मनापासून भाविक आहे. ढोंगाचा लवलेश नाही. त्याने वहीच्या मागच्या पानावर एक यादी केली होती. दिवाळीचा फराळ नाही. गणपतीत ढोल नाही. सिनेमाची गाणी नाहीत. वर्गातल्या मुलींशी बोलणे नाही. शिव्या देणाऱ्या मित्रांबरोबर बसणे नाही. अशी पंधरा-सोळा कलमे होती. ती दाखवून तो म्हणाला, “सर, पवित्र राहायचं म्हणजे अजून काय काय सोडायचं?”

मी यादी दोनदा वाचली. तिच्यात वाईट असे काही नव्हते. काही कलमे तर कोणत्याही बापाला आवडावीत अशी होती. पण त्या यादीत एकही माणूस नव्हता. म्हणजे टाळायची माणसे होती. जिच्यासाठी काही करायचे अशी एकही व्यक्ती नव्हती. ते पाहून मला आमच्या जुन्या परिचयाची एक वस्तू आठवली. ती म्हणजे सोवळे.

लक्ष्मीबाई टिळकांची ‘स्मृतिचित्रे’ ज्यांनी वाचली आहेत त्यांना हे लगेच उमगेल. नारायण वामन टिळकांनी 1895 साली बाप्तिस्मा घेतला. पाच वर्षांनी, 1900 साली, लक्ष्मीबाईंनी तो घेतला. त्या आधीच्या काळात त्या नवऱ्याच्या ख्रिस्ती घरी राहायला आल्या, तरी त्यांचे सोवळेओवळे, वेगळा स्वयंपाक, वेगळे पाणी चालूच होते. ते सुटले ते कुणी वादात हरवले म्हणून नव्हे. माणसामाणसांतला भेद देवाने केलेला नाही हे त्यांचे त्यांनाच उमगले तेव्हा सुटले. आणि मग त्या बाईने अनाथ मुलांना, प्लेगच्या दिवसांत दुखणाइतांना जवळ केले. एका ब्राह्मण बाईने इतक्या कष्टाने उतरवलेले सोवळे तिच्यानंतर सव्वाशे वर्षांनी आमच्या नववीतल्या पोराने पुन्हा नेसावे, तेही ख्रिस्ताच्या नावाने, ही मौज म्हणावी की दुःख?

त्याच्या फराळाचा प्रश्न तर दोन हजार वर्षांचा आहे. ग्रीस देशातल्या करिंथ शहरातल्या ख्रिस्ती मंडळीने तो पौलाला विचारला होता. त्या शहरात देवांना दाखवलेले मांस बाजारात विकायला येई आणि शेजाऱ्यांच्या पंगतीतही वाढले जाई. ते खावे की नाही? पौलाचे उत्तर यादी करणाऱ्याला चक्रावून टाकणारे आहे. बाजारात मिळते ते चौकशी न करता खा, असे तो सांगतो. कुणी जेवायला बोलावले आणि जावेसे वाटले, तर पानात पडेल ते खा. पण तुमच्या खाण्याने एखाद्या दुबळ्या मनाच्या भावाला ठेच लागत असेल, तर त्याच्यासाठी खाऊ नका. देवळात बसून मूर्तीच्या पंगतीत भाग घेऊ नका, हेही तो बजावतो. तो काही अगदीच सैल माणूस नव्हता. पण त्याच्या सगळ्या विवेचनाचा काटा पदार्थावर नाही, समोरच्या माणसावर आहे. मुलाने मला विचारले, “मग मी शेजारच्या काकूंचा चिवडा खाऊ का?” मी त्याला विचारले की, तू नाही म्हटलेस तेव्हा काकूंचा चेहरा कसा झाला होता? तो काही बोलला नाही. त्या काकूंनी त्याची आई आजारी असताना महिनाभर डबा दिला होता, हे मला ठाऊक होते.

ह्याच करिंथच्या मंडळीविषयी आणखी एक गोष्ट सांगण्यासारखी आहे. ती मंडळी काही सज्जनांचा मेळा नव्हती. आपसात तट पडले होते, एकमेकांना कोर्टात खेचणे चालले होते, प्रभुभोजनाच्या वेळी श्रीमंत पिऊन तर्र आणि गरीब उपाशी अशी दशा होती. आणि अशा लोकांना पत्र लिहिताना पौल आरंभीच त्यांना पवित्र जन म्हणून संबोधतो. पुढे पानेच्या पाने रागावतो, पण ते नाव काढून घेत नाही. पावित्र्य हे परीक्षेच्या शेवटी मिळणारे प्रमाणपत्र असते तर हे शक्य नव्हते. आमच्याकडे मुलाचे नाव बारशाला ठेवतात. तो ते शोभवील की नाही हे पाहून ठेवीत नाहीत. पौलाची रीत तीच आहे. ख्रिस्ती शास्त्रात ज्याला कृपा म्हणतात ती हीच, आणि पंधरा वर्षांच्या पोराला ती कुणी समजावून सांगत नाही. त्याला फक्त यादी दिली जाते. मग रात्री मनात एखादा वाईट विचार आला की तो समजतो, आपण बाद झालो. असे मनातल्या मनात बाद झालेले, हसणे विसरलेले पोर मी पाहिले आहे, म्हणून हे जरा कळकळीने लिहितो.

मुलांच्या ह्या भक्तीवर हक्क कुणाचा, हाही प्रश्न आहेच, आणि त्याचा एक जुना खटला आमच्या जिल्ह्याशी जोडलेला आहे. 1843 साली मुंबईत नारायण शेषाद्री ह्या ब्राह्मण तरुणाने फ्री चर्चच्या मिशनरींकडून बाप्तिस्मा घेतला. त्याचा धाकटा भाऊ श्रीपत, दहा-बारा वर्षांचा, तोही त्याच्यामागे मिशनरी नेस्बिट ह्यांच्या घरी राहायला गेला. त्याचा बाप्तिस्मा झालेला नव्हता. बापाने सुप्रीम कोर्टात धाव घेतली, आणि कोर्टाने मुलाला बापाच्या हवाली केले. पण तो घरी आला तरी जातीत कसा यावा? ख्रिस्त्यांच्या घरी जेवलेला मुलगा! ‘दर्पण’कार बाळशास्त्री जांभेकरांनी त्याला प्रायश्चित्त देऊन परत घ्यावे म्हणून खटपट केली आणि सनातन्यांचा मोठा रोष ओढवून घेतला. त्या वेळी मुंबईत एवढा गदारोळ उठला की, पुढे कित्येक वर्षे बाळशास्त्र्यांचे चरित्र लिहिणाऱ्याला हे प्रकरण टाळता आले नाही.

त्या वादात मिशनरी बोलले, बाप बोलला, न्यायाधीश बोलले, शास्त्री बोलले. आज आपण तो वृत्तान्त वाचतो तेव्हा सगळ्यांचे म्हणणे थोडेफार पटते. न्यायाधीशांना दोष देणे सोपे आहे. पण दहा वर्षांचे मूल कुणी तरी घेऊन जावे आणि कायद्याने हात जोडून बसावे, हे मला बाप म्हणून सोसले नसते. मिशनरींना लबाड ठरवणेही सोपे आहे. पण दाराशी आलेले मूल हाकलून देणे त्यांच्याही जिवावर आले असेल. माझे मन त्या मुलापाशीच रेंगाळते. त्याच्या आत खरोखर काही उजळले होते, की तो नुसता दादाच्या मागे गेला होता? आणि दादाच्या मागे जाणे म्हणजे काही कमी आहे का? पुष्कळांची भक्ती अशीच कुणाच्या तरी बोटाला धरून येते. श्रीपतची आली असेल तर तिला खोटी म्हणायला माझी जीभ रेटत नाही. मात्र एवढे खरे की, त्या सगळ्या भांडणात तो मुलगा एखाद्या शेताच्या बांधासारखा झाला होता. दोन्हीकडच्यांनी तो आपापल्या बाजूला धरला होता.

थोरला नारायण शेषाद्री पुढे जालन्याला आला. 1860 नंतरच्या दशकात सालारजंगांच्या कारभारात निजाम सरकारकडून मिळालेल्या जमिनीवर त्याने जालन्याजवळ बेथेल नावाची वस्ती वसवली. तिथे आलेली कुटुंबे बहुतेक मांग आणि महार समाजातली. वेशीबाहेर राहिलेल्या माणसांना तिथे शेती मिळाली, शाळा मिळाली. नारायणाने घर सोडले हे खरे. पण त्याने दुसऱ्यांसाठी घरे उभी केली, हेही तितकेच खरे. ह्या दोन गोष्टींचा हिशेब एकमेकींत वळता करता येतो का, हे मला सांगता येत नाही.

आता मूळ शब्दाकडे येतो. बायबलच्या जुन्या करारातला ‘कादोश’ हा इब्री शब्द आपण ‘पवित्र’ असा भाषांतरित करतो. त्याचा अर्थ वेगळे काढलेले, राखून ठेवलेले असा सांगतात. यादी करणाऱ्यांचा सगळा आधार ह्याच अर्थावर असतो: वेगळे व्हा, दूर राहा. आपला ‘पवित्र’ हा शब्द मात्र निराळ्या घराण्यातला. वेदांत ‘पवित्र’ म्हणजे सोमरस गाळायची लोकरीची गाळणी. गाळणी स्वतः काही पीत नाही. चोथा आपल्यापाशी ठेवते आणि नितळ रस पुढे जाऊ देते. भाषांतर करणाऱ्यांच्या मनात हे असेल असे नाही, पण योगायोग मला आवडतो.

आणि ‘वेगळे काढलेले’ हाच अर्थ धरला तरी, वेगळे कुणासाठी? मोशेच्या नियमशास्त्रात लेवीय नावाचे पुस्तक आहे. त्याच्या एकोणिसाव्या अध्यायात देव आपल्या लोकांना पवित्र व्हायला सांगतो, आणि मग पवित्र म्हणजे काय ते एकामागून एक सांगत जातो. मुलाच्या यादीशेजारी ती यादी ठेवून पाहावी. आईबापाचा मान राखा, हे तर येतेच. मग एकदम शेत येते: पीक कापताना शेताच्या कडा पार काढू नका, पडलेली कणसे परत वेचायला जाऊ नका, द्राक्षांच्या मळ्यातले चुकार घड राहू द्या, ते गरिबांचे आणि परक्यांचे. मजुराची मजुरी रात्रभर आपल्यापाशी ठेवू नका. बहिऱ्याला शिव्या देऊ नका, आंधळ्याच्या वाटेत अडथळा ठेवू नका. पिकल्या केसांच्या माणसासमोर उठून उभे राहा. परक्यावर आपल्यासारखी माया करा. तराजू खरा ठेवा, वजने खरी ठेवा.

हे वाचून आमच्या गावचा कुणीही शेतकरी म्हणेल की, हा तर आमच्या बाजारातला कायदा आहे. ‘सरवा’ हा शब्द शहरातल्या वाचकांना कदाचित अपरिचित असेल. कापणी झाल्यावर शेतात राहिलेले, गोरगरिबांनी वेचून न्यायचे धान्य म्हणजे सरवा. मराठी बायबलातही हाच शब्द आहे. ज्वारीच्या दिवसांत म्हाताऱ्या बायका फडक्यात सरवा गोळा करताना मी लहानपणी पाहिल्या आहेत. शेताची कड म्हणजे राखून ठेवलेला भाग. कादोश तोच. तो मालकाने आपल्या सोवळ्यासाठी राखायचा नाही. ज्याचे त्या शेतावर काही नाव नाही त्याच्यासाठी राखायचा.

मी त्या मुलाला म्हटले, “तुझ्या शेताची कड कोणती?” त्याला प्रश्न कळला नाही. नववीतल्या पोराकडे शेत कुठले? पण त्याच्याकडे गणित आहे. त्याचे गणित वर्गात पहिले आहे. त्याच्या बाकावरचा मुलगा ऊसतोड्यांचा. वर्षातले चार-पाच महिने आई-बापांबरोबर कारखान्यावर असतो आणि परत आला की वर्ग पुष्कळ पुढे गेलेला असतो. आणि तराजू? मराठवाड्यात दहावीच्या परीक्षेला काय चालते हे सगळ्या महाराष्ट्राला माहीत आहे. खिडकीतून चिठ्ठ्या येतात. खरे वजन तिथे लागते. बहिऱ्याला शिव्या न देणे म्हणजे काय, हे त्याला मला सांगावेच लागले नाही. वर्गातल्या एका कमी ऐकू येणाऱ्या मुलाला पोरे काय नावाने हाक मारतात ते त्याला ठाऊक होते. ते नाव त्यानेही वापरले होते, हे त्याच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या त्यावरून मला समजले. सिनेमाची गाणी त्याने सोडली होती; हे नाव सोडायचे मात्र त्याच्या यादीत नव्हते.

वडीलधारी मंडळी पोरवयाच्या पावित्र्याविषयी बोलायला लागली की, त्यांचे सगळे बोलणे देहाभोवती फिरते. देह ही काही लहान गोष्ट नाही, आणि त्या वयात तिचा ओढा फार असतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. पण आपल्या सोळाव्या वर्षाचा झाडा घेताना संत ऑगस्टीनने कशाची आठवण सर्वांत खोल खणली आहे? नासपतीच्या चोरीची! उत्तर आफ्रिकेतल्या थागस्ते गावी, आजच्या अल्जीरियात, 354 साली जन्मलेल्या ह्या पोराने मित्रांबरोबर रात्री एका झाडाची फळे ओरबाडली. फळे धड दिसायला चांगली नव्हती की खायला. पोरांनी ती डुकरांपुढे टाकली. घरी त्याहून चांगली फळे होती. मग चोरी का केली? पुढे बिशप झालेला ऑगस्टीन आपल्या आत्मवृत्तात ह्या एका गोष्टीवर पानेच्या पाने खर्च करतो आणि म्हणतो की, मी एकटा असतो तर हे केले नसते. आमच्याकडे मोसंबीच्या बागा आहेत, त्यामुळे हे शास्त्र आम्हाला पुस्तकाविना येते. टोळक्यात असताना जे एकट्याने कधी केले नसते ते करणे, हा त्या वयाचा खरा घसरणीचा उतार आहे. आता त्या टोळक्याला गावात जमावेही लागत नाही. ते मोबाईलच्या गटात चोवीस तास जमलेले असते, आणि बहिऱ्या मुलाचे नाव तिथे चित्रासकट फिरते.

थोर उदाहरणे देऊ नयेत असे माझे म्हणणे नाही. वसईचा गोन्सालो गार्सिया 1597 साली जपानात नागासाकीला क्रुसावर गेला. त्याच्यासह क्रुसावर गेलेल्या सव्वीस जणांत बारा-तेरा वर्षांची मुले होती. लुई इबाराकी ह्या सर्वांत लहान मुलाला धर्म सोडलास तर जीव वाचेल असे सांगितले गेले, आणि तो नाही म्हणाला. तोमास कोझाकी हा बापाबरोबर मरणाच्या वाटेवर होता; वाटेतून त्याने आईला पत्र लिहिले, त्यात धाकट्या भावांची काळजी होती. आमच्याच काळातला इटलीचा कार्लो अकुतिस 2006 साली पंधराव्या वर्षी रक्ताच्या कर्करोगाने गेला आणि 7 सप्टेंबर 2025 रोजी रोमला संत म्हणून घोषित झाला. संगणकावर रमणारा, जीन्स घालणारा संत म्हणून मुलांना तो फार आवडतो. ही उदाहरणे खरीच आहेत. पण नागासाकीचा डोंगर सगळ्यांच्या वाटेत येत नाही. आला तरी, तोमासच्या पत्रात मला त्या डोंगरापेक्षा ते धाकटे भाऊच अधिक दिसतात.

ह्यावर एक आक्षेप येईल, आणि तो रास्त आहे. गणित शिकवणे, कॉपी न करणे, म्हाताऱ्यांसमोर उठून उभे राहणे, हे तर कोणताही सुजाण हिंदू मुलगा करतो, मुसलमान मुलगाही करतो. मग ह्यात ख्रिस्ती ते काय? मला हा आक्षेप कधी बोचला नाही. शेजारच्या शेतातही कड राखलेली असली म्हणून माझ्या शेतातला सरवा खोटा ठरत नाही. वेगळेपण शोधायचेच तर ते मला दोन ठिकाणी दिसते. एक, हे करताना पोर पडले तर उठून पुन्हा चालू लागण्याची त्याला मुभा आहे, कारण नाव आधीच ठेवलेले आहे. आणि दुसरे, हे कुणाला दिसू नये. ख्रिस्ताने डोंगरावर सांगितले की, प्रार्थना करायची ती दार लावून घेऊन करा; उपास करायचा असेल तर तोंड धुवा, डोक्याला तेल लावा, म्हणजे लोकांना कळणार नाही. डोक्याला तेल! दिवाळीच्या पहाटे ज्यांनी आईच्या हातचे तेल डोक्यावर थापून घेतले आहे त्यांना हे काही वेगळे सांगायला नको. त्या तेलकट, चकाकत्या, हसऱ्या तोंडामागे कुणाचा उपास चालला असेल, हे ओळखता येऊ नये अशी त्याची इच्छा होती. आमच्या मुलाच्या चेहऱ्यावर मात्र तेव्हा त्याचे पावित्र्य अगदी दुरून वाचता येत होते.

म्हणून मी नासरेथच्या त्या कोऱ्या अठरा वर्षांकडे परत परत जातो. जस्टिन नावाचा दुसऱ्या शतकातला एक ख्रिस्ती लेखक सांगतो की, येशू सुतारकाम करीत असताना नांगर आणि जू बनवीत असे. पंधराव्या वर्षी त्याच्या हातात रंधा असेल, किंवा त्या काळचे जे काही हत्यार असेल ते. बाराव्या वर्षी ज्याने पंडितांना थक्क केले, त्याने नंतरची अठरा वर्षे बैलाच्या मानेला घासणार नाही असे जू कसे करावे ह्यात घालवली असतील. योसेफ पुढच्या कथेत दिसत नाही. तो मध्येच वारला असावा असे पुष्कळ जण मानतात. तसे असेल तर ते घर कुणाच्या तरी हातांवर चालले असणार.

आमच्या गावातून दसरा-दिवाळीच्या सुमाराला टोळ्या निघतात. मुकादमाची उचल घेतलेली असते. कोयते, भांडी, गोधड्या, कोंबड्या ट्रकवर चढतात. काही जण पोरांना बरोबर नेतात, काही म्हाताऱ्यांपाशी ठेवून जातात. आमच्या उपासनेला येणाऱ्या एका घरातली मुलगी अशी मागे राहते. ती पंधरा वर्षांची आहे. घरात आजी आहे, तिला नीट दिसत नाही. दोन धाकटे भाऊ आहेत. मुलगी पहाटे उठते, पाणी भरते, भाकरी करते, भावांच्या वेण्या घालायच्या नसतात एवढेच सुख, असे ती स्वतःच हसत म्हणते, आणि मग शाळेत येते. तिने कधी कुठली यादी केल्याचे मला माहीत नाही. विचारले तर ती म्हणेल, प्रार्थना करायला वेळच मिळत नाही.

रविवारी मुलांच्या वर्गात हजेरी घेतात, आणि नाताळला ज्याची हजेरी सर्वांत जास्त त्याला बक्षीस देतात. गेल्या नाताळला ते त्या नववीतल्या मुलाला मिळाले. त्याने एकही रविवार चुकवला नव्हता. मुलीच्या नावापुढे दिवाळीपासून नाताळपर्यंत चार हजेऱ्या होत्या. रविवार हा आठवड्याचा धुण्याचा दिवस असतो, आणि आजीच्या गोधड्या जड असतात.